माझ्या प्रार्थनेनं

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी मसोलीच्या तुमच्या घरातली दुपार अजून डोळ्यांसमोर तरंगते. वाडीतून चिकूचा गोडसर वास येतोय, दार अर्धं लोटलेलं आहे आणि तुम्ही मला बायबल वाचायला शिकवताय. जोडाक्षराला मी अडखळतो. तुम्ही थांबता. घाई तुम्हाला कधी नव्हतीच.

२०१४ साली मी तलासरीकडच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक झालो. आवाज चांगला होता. मराठीतून बोलता बोलता वारलीत शिरलो की माणसं पुढं सरकून बसत. त्या वर्षी डोंगराकडच्या पाड्यावर एक मुलगी तापानं फणफणली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आठवड्याभरात ती अंगणात खेळायला लागली. मग डहाणूच्या सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या प्रार्थनेनं ती पोर उठली." सगळा मंडप 'आमेन' म्हणाला. भरतीच्या पाण्यानं अलगद उचलावं तसं मला झालं.

तुम्ही शेवटच्या ओळीत होता. सभा संपल्यावर जवळ येऊन विचारलंत, "त्या पोरीला दवाखान्यात कोणी नेलं?"

"तिच्या आईनं."

"कसं?"

"पाठुंगळी घेऊन. पाड्यापर्यंत गाडी जात नाही."

"ते सांगायचं राहिलं," तुम्ही म्हणालात आणि चपला शोधायला लागलात.

मला राग आला. महिनाभर मसोलीला फिरकलो नाही. शेवटी तुम्हीच निरोप धाडलात आणि मला रिक्षानं चिखल्याला घेऊन गेलात. सुरूच्या झाडांमागच्या झोपडीत एक म्हातारी एकटी राहत होती. मी सवयीनं बायबल उघडलं. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. "तिला ऐकू येत नाही. हंडा घे."

ओहोटीची वेळ. समुद्र इतका लांब गेलेला की आहे की नाही कळू नये. मी हातपंपावरून पाणी आणतोय, पिंपात ओततोय, पुन्हा जातोय. पायांखाली वाळू पोळते. म्हातारी माझ्याकडे बोट दाखवून विचारते, "कोन रं हा?" तुम्ही खुणेनं सांगता, पाणी भरणारा. ते मला झोंबलं होतं, बाई. पण परतताना वाऱ्यात अंग हलकं वाटत होतं, झोपेतून उठल्यासारखं.

पुढच्या रविवारी पाड्यावर जाऊन त्या मुलीच्या आईची सगळ्यांसमोर माफी मागितली. ती गोंधळून म्हणाली, "माफी कशाची? चाय घ्या."

दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. कबरीजवळ मी तुमच्याविषयी बोललो. लोक रडले. तुमच्यावर माती पडत असताना, किती जण रडतायत ते मी बघत होतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाहीच. पण इथवर लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचून पाहिलं आणि मनात आलं, बरं उतरलंय, रविवारी मंडळीत वाचून दाखवावं.