बाकावरचा दुसरा डबा

लेमहाय खोरं, आयडाहो
ऑक्टोबर १९६१

प्रिय आर्लिस,

हातातलं काम बाजूला ठेव. बाबांनी गेल्या आठवड्यात पाठवलेल्या डब्यातलं एकही काडतूस बंदुकीत घालू नकोस, आणि ग्लेनलाही घालू देऊ नकोस. जावई रानात गेला असेल तर घोडा काढ आणि त्याला गाठ. घरातच असेल, तर डबा फळीवरून उतरवून ऑर्विलच्या हातात दे. टपालाच्या फेरीत तुमच्याकडे येतोय तोच, म्हणून हे पत्र त्याच्याबरोबर देतेय. ती काडतुसं चुलीत टाकू नका, पुरू नका, एखादं बघू उडवून असंही करू नका. एवढं झालं की मग निवांत बसून पुढचं वाच. मला कुठला निवांतपणा! कालपासून मी स्वेटरची एकच ओळ विणतेय आणि उसवतेय.

तू म्हणशील, आईला नेहमीच बाबांच्या त्या शेडमधल्या उद्योगाची धास्ती. खरंय. लग्न होऊन आले तेव्हा मी शेडच्या दारातूनच परत फिरायचे. ज्या माणसाला दुकानात मिळणारं काडतूस पसंत पडत नाही, जो लष्कराची रिकामी पितळी नळकांडी आणतो, स्वतः कातलेल्या साच्यात दाबून त्यांचा गळा बारीक करतो आणि त्या मापाची बंदूकही स्वतःच कोरतो, त्याच्याशी संसार करायचा म्हणजे काय ते तुला कुणी सांगायला नको. असल्या घरी जन्मलेल्या काडतुसांना हे लोक रानमांजर म्हणतात. मी म्हणायचे, "क्लेटन, घरात एक पाळीव मांजर पुरे होतं की!" तर बाबा म्हणायचे, "पाळीव मांजर एल्क हरीण मारून आणतं का?" पण खरं सांगू, त्यांचं काम बघून माझी भीती गेली होती. भरलेलं प्रत्येक नळकांडं दिव्याखाली धरून आत बघायचे. कामाच्या बाकावर बंदुकीच्या दारूचा एकच डबा, हा तर त्यांचा कायदा. तू लहान असताना एकदा तू नुसता शोभेला म्हणून दुसरा डबा खाली काढलास, तर केवढे ओरडले होते तुझ्यावर! "दुसरा डबा दिसला की समज, बसलेला माणूस मरायलाच बसलाय." तू दिवसभर जेवली नव्हतीस.

इकडचं बाकी ठीक आहे. सफरचंदं भरपूर आली, तुझ्यासाठी मुरंबा करून ठेवलाय. लाल गाय आटली. चर्चच्या जेवणात मिसेस टॉलेफ्सनने पुन्हा तीच कोरडी बिस्किटं आणली आणि बाबांनी पुन्हा तोंड भरून कौतुक केलं. त्याच जेवणात त्यांनी मला दोनदा मॅबेल म्हणून हाक मारली. मॅबेल आत्या जाऊन किती वर्षं झाली! मी हसण्यावारी नेलं. उन्हाळ्यात एकदा बाबा गुरांना पाणी पाजायला गेले आणि बादली घेऊन कुंपणाशी नुसते उभे राहिले, कशाला आलो तेच आठवेना. तेही मी हसण्यावारी नेलं. वय झालं की होतंच, असं माझ्याच मनाला सांगत राहिले.

काल आम्ही वाळूच्या खाणीकडे गेलो होतो. त्यांना नव्या काडतुसांचा नेम बघायचा होता. मी गाडीत बसून विणत होते. पहिले बार नेहमीसारखे झाले. मग एक झाला तो वेगळाच. आर्लिस, इतकी वर्षं मी तो आवाज ऐकतेय, झोपेतही ओळखेन. हा तो नव्हता. धावत गेले तर बाबा बंदूक मांडीवर घेऊन बसलेले, गाल काळा, भुवई जळलेली, आणि कानशिलातून बारीक रक्त येत होतं. बंदुकीचा बोल्ट असा गच्च बसला होता की लाकडी हातोड्याने ठोकून काढावा लागला. नळकांड्याचं बूड फाटलेलं.

"पितळ जुनं झालंय," म्हणाले.

"क्लेटन, तू नवं पितळ आणलंस ना वसंतात?"

"तुला काय कळतंय त्यातलं? गाडीत बैस."

मी बसले. घरी आल्यावर ते तोंड धुवायला गेले आणि मी शेडमध्ये गेले. बाकावर दोन डबे होते. एक रायफलीच्या दारूचा, एक पिस्तुलाच्या. दोन्हींची झाकणं उघडी. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण दोन आणि एक यातला फरक कळतो. पहिला विचार आला तो खाणीचा नव्हे, तुला पाठवलेल्या काडतुसांच्या डब्याचा. तोही त्याच दिवसांत भरलेला.

मी त्यांना तसंच विचारलं. आधी चिडले. आयुष्यभर हेच केलंय, आता बायको शिकवणार का मला, वगैरे. मग ताट तसंच ठेवून उठले. 

आज सकाळी उठले तर ते बाकाशी. घरात उरलेली काडतुसं एकेक करून उकलत होते. गोळी उपसायची, दारू पांढऱ्या बशीत ओतायची, चष्मा पुसून बघायचं. बहुतेक ठीक होती. मग एक बशी त्यांनी माझ्याकडे सरकवली. "व्हर्ना, बघ." तुला ठाऊकच आहे, रायफलीची दारू बारीक काड्यांसारखी असते आणि पिस्तुलाची चपट्या चकत्यांसारखी, आणि ती रायफलीत गेली तर बंदूकच फोडते. त्या बशीत दोन्ही होत्या. मापाच्या भांड्यात तळाशी आधीची उरली होती आणि तिच्यावरच त्यांनी दुसरी ओतली. म्हणजे सुरुवातीच्या काही काडतुसांत ते मिश्रण गेलं. त्यातली किती तुझ्या डब्यात गेली, कुणास ठाऊक.

"हे मीच भरलंय," म्हणाले, "आणि मला भरल्याचं आठवत नाही." मग बशीकडे बघत राहिले. "आपल्या पोरीला मी हे बांधून पाठवलं, व्हर्ना."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.  त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. मला खिंड ओलांडून तुमच्याकडे गाडी आणता येत नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी दिली; आता स्वतः चालवायची नाही असं ठरवलंय त्यांनी. तुमच्याकडे फोन असता तर बरं झालं असतं, असं मी म्हणाले, तर म्हणाले, "फोनची तार सगळ्यांची एकच, अख्खं खोरं कान लावून बसतं. ऐकू दे. असता तर केला असता." हा माणूस, आर्लिस, ज्याने पडलेला दातसुद्धा कुणाला दाखवला नाही.

सावध करायला तर पहिल्या चार ओळी पुरे होत्या. बाकीचं लिहितेय ते एका मागण्यासाठी, आणि ते मागणं बाबांचं आहे. त्यांच्याने बोलवत नाही म्हणून मी लिहितेय. त्यांनी सकाळीच काडतुसं भरायचं दाबयंत्र बाकावरून सोडवलं, साचे तेल लावून फडक्यात गुंडाळले, आणि ते सगळं ऑर्विलच्या गाडीत चढवलंय. यापुढे भरायचं ते तू. त्यांना शेजारी खुर्ची टाकून बसू दे, एवढंच म्हणतायत. हात लावणार नाही म्हणतात. बर्फ पडायच्या आत ऑर्विलबरोबर येऊ आम्ही. नको म्हणू नकोस, आणि आभारही मानू नकोस, त्यांना सोसणार नाही. काहीतरी विचार त्यांना. गळा किती दाबायचा, पितळ कधी तापवायचं, काहीही. ते सगळं अजून लख्ख आठवतंय त्यांना. कालचं आठवत नाही, एवढंच. आता थांबते. ऑर्विल अंगणात टाचा आपटत उभा आहे. बाबा गाडीत यंत्राच्या खोक्याला दोर बांधतायत, गाठ पुन्हापुन्हा सोडतायत आणि बांधतायत, आणि ऑर्विलला हात लावू देत नाहीयेत.

तुझीच,
आई