झाकून ठेवलेली शेगडी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र कधीचं येऊन पडलंय. उशीर झाला म्हणून रागावू नकोस. कारखान्यात सध्या शाळांच्या गणवेशांची घाई आहे. दिवसभर कॉलर शिवून बोटं अशी आखडतात, की घरी आल्यावर पेन धरवत नाही. आज सुट्टी आहे आणि आईचा डोळा लागलाय, म्हणून बसले.

गॅस आल्याचं तुला कळवलं होतं, पण कसा आला ते राहूनच गेलं. आम्हा गल्लीतल्या बायकांची भिशी तुला ठाऊक आहेच. या खेपेला आमच्यातल्या नर्समावशींनी अट घातली, की जिची चिठ्ठी निघेल तिने त्या पैशांतून आधी गॅस घ्यायचा, बाकीचं मग. पहिलीच चिठ्ठी भाजीवालीची निघाली. ती उठून म्हणाली, "माझी चूल उघड्यावर आहे, धूर निघून जातो. ताईंची आई पायरीवर बसून खोकते ते मला गाडीवरून रोज दिसतं. यांना द्या." एरवी वजनात एक मिरची जास्त पडली तर उचलून घेणारी बाई ती! मला रडूच आलं.

आईने शेगडी लखलखीत पुसली आणि वर चादरीचा तुकडा घातला. सकाळचा चहा मी गॅसवर करायचे, स्वयंपाक मी कामावर गेल्यावर ती करायची. पुढे एकेक करत शेजारणींकडेही गॅस आला, त्यांच्या टाक्या संपल्या, आमची आपली चालूच. आमची आई किती जपून वापरते, म्हणून मी भिशीत मिरवत होते. खोकला मात्र होता तसाच. मी म्हणायचे, जुनं दुखणं आहे, जाईल हळूहळू.

एके दिवशी वीज गेली म्हणून मुकादमाने दुपारीच सोडलं. घरी येऊन बघते तर खिडक्या सताड उघड्या, मागच्या खोलीत धुराचे लोट आणि आई चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली. सुताराकडचे ढलपे फुकट मिळतात ना, ते ती रोज पदरात भरून आणायची. शेगडी तशीच झाकलेली. माझं डोकंच फिरलं. नको नको ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दम खात म्हणाली, "टाकी संपली की तू जादा काम घेणार. तुझी बोटं दिसतात मला. माझं काय, जन्म धुरातच गेला." मी हातोडी घेतली आणि चूल फोडली. विटा बाहेर टाकल्या. नंतर बरेच दिवस अबोला होता.

भिशीत हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. एक म्हणाली, आमच्याकडेही तसंच आहे. मग दुसरी. टाकी भरायची धास्ती सगळ्यांनाच होती. आता त्यासाठी वेगळी छोटी भिशी चालते आणि बहुतेक घरांतला धूर खरंच थांबलाय.

आपल्या घरी तो उशिरा थांबला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं फार खराब झालीत, आता ती सुधारायची नाहीत. तिला श्वासाचं यंत्र लावलंय. मी कामावर असते तेव्हा शेजारणी आळीपाळीने बसतात, पण त्यांनाही घरं आहेत. एरवी मीच. उठवायचं, पाठ चोळायची, जरा शांत झाली की छाती हलते ना ते बघायचं. तुला यातलं काही कळवायचं नाही, असं तिने मला बजावलंय. म्हणते, धाकटीला रजा मिळत नाही, उगाच जिवाला घोर.

दर वेळी तू पैसे पाठवतेस. ते पोचतात, उपयोगी पडतात. या वेळी पाठवू नकोस, तू ये. आईसाठी ये, असंच लिहायला बसले होते. तेही खरंच आहे. पण मी फार दमलेय गं. तू तिच्याजवळ बसलीस, तर मला एक दिवस दार लावून झोपायचंय, तिच्या श्वासाकडे कान न लावता. हे तिला सांगता येत नाही, शेजारणींनाही नाही. तुलाच सांगते.

वाट बघणारी, तुझीच
ताई