दोन सह्यांची जागा

१४ मार्च

डॉक्टरसाहेब,

बरा असशील असं धरून चालते. नसलास तरी औषधांचं कपाट तुझ्या हाताशी आहे. इकडे सगळं ठीक. मालकांनी चष्म्याच्या काचा घासायचं नवं मशीन आणलंय, त्याच्या आवाजाने कान किटतात. शेजारच्या मावशींचा गुडघा आता बरा आहे. त्यांच्या मांजरीचा मोडलेला पाय तू बसवलास, तेव्हापासून त्यांना तू देवमाणूस वाटतोस. असो.

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. अकरा महिन्यांनी तुझं अक्षर बघितलं. आत कराचा फॉर्म. वर तुझं नाव, त्याला लागून माझं, आणि खाली तू सही करून मोकळा. सोबत चिठ्ठी : 'या वर्षी दोघांचा मिळून एकच फॉर्म भरू. सही करून ठेव. वीस तारखेला घरी येतो.'

'घरी' लिहिलंस तू.

सही मी लगेच करणार होते. पण एक रकाना कळेना, म्हणून काल जेवणाच्या सुट्टीत दुकानामागच्या करसल्लागार बाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "दोघं एकत्र राहता का?"

म्हटलं, "आता राहू."

बाईंनी फॉर्म उलटापालटा केला. "अच्छा, शिक्षणाच्या कर्जाचं व्याज! म्हणून होय. या देशाच्या कायद्यात नवरा-बायकोने वेगवेगळे फॉर्म भरले तर या व्याजाची वजावट दोघांपैकी कुणालाच मिळत नाही. मिळून एक भरला तरच मिळते. गेल्या वर्षी त्यांनी वेगळा भरला का?"

"हो. घर सोडलं त्याच महिन्यात."

"मग चांगलाच फटका बसला असेल. कर्ज कुणाच्या नावावर?"

"त्यांच्या. प्राण्यांच्या डॉक्टरकीचं."

"आणि फेडतं कोण?"

"मी."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. चष्मा मीच बनवलेला, नंबर अगदी बरोबर होता.

आता सांगायचं नव्हतं ते सांगते. सोमवारी तुझी चिठ्ठी वाचून मी तुझी उशी उन्हात टाकली. तुझा जाड कोट धुवायला दिला. मावशींना सांगून आले, त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मालकांकडे वीस तारखेची सुट्टी मागितली, त्यांनी कारण विचारलं आणि मी चक्क लाजले. या वयात! आठवलं की अजून अंगाची लाही लाही होते. तुझ्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

हप्ता मी का थांबवला नाही, हे तू कधी विचारलं नाहीस. कशाला विचारशील? दर महिन्याला माझ्या पगारातून पैसे कापले जायचे आणि मला वाटायचं, चला, अजून काहीतरी चालू आहे आपल्यात. 'आधी माझं शिक्षण होऊ दे, मग तुझं,' असं म्हणाला होतास. डोळे तपासायच्या कोर्सचा माझा अर्ज अजून खणात आहे, फोटोतली मी ओळखू येत नाही. तुझं झालं, तू गेलास, आणि मी बावळट तुझं व्याज भरत बसले. निदान सरळ लिहायचंस रे, की वजावटीसाठी सही हवी आहे. कदाचित केलीही असती. घरी येतो असं कशाला लिहिलंस?

आज सकाळी मी माझा वेगळा फॉर्म भरला. बाई म्हणाल्या, "अहो, यात तुमचंही नुकसान आहे." म्हटलं, ठाऊक आहे. तिथून बँकेत जाऊन हप्ता बंद केला. पुढचा तुझ्या पगारातून जाऊ दे, म्हणजे कसं वाटतं ते कळेल.

तुझा फॉर्म परत पाठवतेय. माझी जागा कोरीच आहे. कोटाची पावती सोबत आहे, धुलाई तूच दे. तुझ्यासाठी मावशींकडे ठेवलेली घराची दुसरी किल्ली मी परत आणली. त्या रडल्या. वीस तारखेची सुट्टी रद्द केलीय. मी दुकानात असेन, घराला कुलूप असेल.

येऊ नकोस.

अजून कागदोपत्री तुझीच,
चष्मेवाली