घडी घातलेला पडदा

बाबा,

पडदा अंगणात वाळत घातला की त्याच्यावरून कोंबड्या जाऊ नयेत म्हणून तुम्ही मला पाटावर बसवायचात. हातात एक तुराटी द्यायचात. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरायची, कापणी झालेल्या धानाच्या शेतांत रात्रभर नाटकं लागायची, आणि त्या नाटकांचे पडदे आपल्या चामोर्शीच्या अंगणात रंगायचे. राजवाडा, रस्ता, जंगल, गरिबाचं घर. मी हॉस्टेलमधून सुट्टीला आलेली, पायांत अजून शाळेचे मोजे. धाकटी तुमच्याजवळ उकिडवी बसून रंगात घालायच्या सरसाचं भांडं ढवळते आहे, कोपरापर्यंत हिरवी झालेली. कोंबडी आली की मी तुराटी आपटते. तुम्ही मान वर न करता म्हणता, "शाब्बास." तिला तुम्ही कधी शाब्बास म्हटल्याचं मला आठवत नाही. तिच्याकडे तुम्ही नुसता हात पुढे करून म्हणायचात, "निळा," आणि ती कालवून द्यायची. मला ते शाब्बास नको होतं, बाबा. मला तो निळा हवा होता.

हे सगळं आता सांगायचं कारण म्हणजे मी घरात स्टुडिओ केला आहे. तुम्ही हसाल. चंद्रपूरच्या घरात मुलांची खोली होती, दोघंही बाहेरगावी, खोली नुसती बंद असायची. मी शाळेतून निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात तिच्यातले पलंग काढले. नागपूरहून लाकडी ईझल आणलं, ट्यूबमधले रंग आणले, कॅनव्हास आणले. उत्तरेची खिडकी मोठी करून घेतली, कारण पुस्तकात लिहिलं होतं की चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो. खिडकी मोठी झाली तशी कोळशाची काळी धूळही जास्त यायला लागली. रोज सकाळी ओल्या फडक्याने चौकट पुसते तेव्हा फडकं आपल्या चुलीवरच्या तव्यासारखं काळं होतं. यांनी एकदाही विचारलं नाही की या वयात हे कशाला. उलट पंखा बदलून दिला, कारण जुन्याने कागद उडायचे. तीन भिंतींवर मांडण्या लावल्या. चौथी भिंत, सगळ्यांत लांब, मी रिकामी ठेवली. ती का रिकामी ठेवली हे यांनाही माहीत नाही. तेच तुम्हाला लिहायचं आहे, आणि मी खिडकीबद्दल लिहीत बसले आहे.

मला कॉन्व्हेंटात कसं पाठवलंत हे आई कौतुकाने सांगायची. नाताळच्या देखाव्यासाठी सिस्टरांना पडदा हवा होता. तुम्ही त्यांना बेथलेहेम रंगवून दिलंत. गोठ्यामागे एक मोठं झाड आणि बाजूला धानाच्या भाऱ्यांचं पुंजणं. सिस्टर म्हणाल्या, "हे झाड कुठलं?" तुम्ही म्हणालात, "मोह जी. सावली बम देते." त्या हसल्या आणि काय देऊ विचारलं. तुम्ही पैसे मागितले नाहीत. म्हणालात, "माही मोठी पोट्टी हुशार हाय जी. तिले शिकवा." लोकांना वाटायचं माझं नशीब उघडलं. खरंच उघडलं, मी नाकारत नाही. मला इंग्रजी आलं, नोकरी मिळाली, यांच्यासारखा माणूस मिळाला. पण तुमच्या एका चित्राच्या बदल्यात मी घराबाहेर गेले आणि बाकीची सगळी चित्रं धाकटीला मिळाली. सातवीत दोनदा नापास झाली म्हणून ती घरी राहिली. किती सोपं होतं तिला!

मी तेरा वर्षांची होते तेव्हाचा तो दिवस तुम्हाला कदाचित आठवणार नाही. तुम्ही जेवायला आत गेला होतात. जंगलाचा पडदा अर्धा झाला होता, आणि एका सागाला अजून पानं नव्हती. मी बारीक कुची घेतली आणि शाळेत शिकवलं होतं तसं एकेक पान काढलं. प्रत्येकाला मधली शीर, कडेला सावली. तासभर. इतकी सुंदर पानं मी आयुष्यात काढली नसतील. तुम्ही बाहेर आलात, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिलात, तिथून डोळे बारीक करून पाहिलंत. मला हाक मारून जवळ उभं केलंत. "पाह्य," म्हणालात, "तुले तिथी काही दिसते?" खरंच काही दिसत नव्हतं. नुसता एक मळका डाग. "पडदा शेवटच्या रांगेतल्या मानसासाठी असते, बाई. तो बिचारा धानाच्या बांधीत पोत्यावर बसून राह्यते." मग धाकटीला म्हणालात, "मार त्याच्यावर एक हात." नऊ वर्षांच्या त्या मुलीने रुंद कुची रंगात बुडवली आणि माझ्या तासाभरावरून चार फटके मारले. झाड उभं राहिलं. वाऱ्याने हलतं आहे असं दिसलं. नंतर तुम्ही मला नळाजवळ नेलंत आणि स्वतः माझे हात साबणाने धुतलेत, एकेक नख. "तुह्या हाताले पुस्तकं लागतात," म्हणालात. तुम्ही तो लाड म्हणून केलात, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र वाटलं की माझ्या हातांवरून तुम्ही तुमचं घर पुसून टाकताय.

तुम्ही गेल्याला तेवीस वर्षं झाली. तेरवीनंतर धाकटी मलेरियाने दवाखान्यात होती आणि घर आवरायला मी एकटी होते. माळ्यावर तो नदीचा पडदा निघाला, तुमच्या शेवटच्या हंगामातला. आठ हातांचा लहान पडदा. वैनगंगेचा घाट, एक डोंगा, पलीकडे रान. नाटक कंपनीने तो नेलाच नव्हता. त्याच्या खालच्या कोपऱ्यात तुम्ही दोन नावं लिहिली होती. एक तुमचं, एक तिचं. सारख्याच आकाराची. मी ती नावं किती वेळ पाहत बसले, मला सांगता येणार नाही. मग पडद्याची व्यवस्थित घडी घातली, पलंगपोसाची घालतात तशी, आधी मधोमध, मग पुन्हा मधोमध, ट्रंकेत मावेल एवढी होईपर्यंत, कडुनिंबाचा पाला ठेवला आणि माझ्या ट्रंकेत तळाशी घातला. धाकटी बरी होऊन घरी आल्यावर तिने पहिल्यांदा त्याचंच विचारलं. मी सांगितलं, उंदरांनी कुरतडला, पार चाळण झाली होती, टाकून दिला. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "जाऊ दे वं बाई. चिंचोक्याची खळ होती त्याले, उंदरायले गोड लागली असन." आणि हसली. तिच्या त्या हसण्याचा मला राग आला. चोरी मी केली आणि राग मला आला, असं ते झालं.

चौथी भिंत त्या पडद्यासाठी होती. खरं तर सगळी खोलीच त्याच्यासाठी होती. ईझल आणि ट्यूब नंतर सुचल्या. खाली एक बुटकं कपाट ठेवायचं आणि नावांचा कोपरा बरोबर त्याच्यामागे जाईल, हेही मी मोजून ठेवलं होतं. पाहुणे आले की म्हणायचं, हे माझ्या वडिलांचं काम. पुढचं कुणी विचारलं नसतं. भिंतीचा रंग वाळल्यावर एका सकाळी ट्रंक उघडली, पडदा जमिनीवर उलगडला, आणि घडी जिथे जिथे होती तिथे तिथे रंग पापडासारखा उठून आला. नदीच्या मधोमध एक उभी भेग, एक आडवी. डोंग्याचे दोन तुकडे. फरशीवर निळ्या-हिरव्या खपल्या, हाताने उचलायला गेले तर त्यांचं पीठ झालं.

तुम्ही म्हणाल, पेंटरची पोरगी असून तुला एवढं ठाऊक नाही? नाही बाबा, नव्हतं. मी पडदे नेहमी वाळतानाच पाहिले. ते निघायच्या आत माझी सुट्टी संपायची. तुम्ही आणि ती मिळून त्यांना बांबूवर गुंडाळत होतात, कापडात बांधून टेम्पोवर चढवत होतात, ते मी कधी पाहिलंच नाही. गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला माहीत होतं की पडद्याची घडी करत नाहीत. मला माहीत नव्हतं, कारण मी शिकत होते.

भेगा मी स्वतः भरून पाहिल्या. ट्यूबमधला निळा तुमच्या निळ्याच्या शेजारी प्लास्टिकसारखा चमकतो. खोलीच्या दारातून पाहिलं तरी ते ठिगळ कळतं, शेवटची रांग तर सोडाच.

आणि गेल्या आठवड्यात धाकटी आली. मीच फोनवर बोलून गेले होते की स्टुडिओ करते आहे, तर ती पिशवीत हातोडी घेऊन एसटीने आली. चामोर्शीत तिला आता पेंटरीणबाई म्हणतात. मला मॅडम म्हणतात. मॅडम तर पोस्टातल्या बाईलाही म्हणतात. कंपन्या आता पडदे छापून आणतात, तरी दोन जुन्या कंपन्या तिच्याकडेच येतात. पडदा मी कोपऱ्यात बसायला ठेवलेल्या दिवाणाखाली ढकलला होता. ती चप्पल काढून आत आली, गोल फिरली, ईझल हलवून पाहिलं.

"बाई, हे त डगमगून राह्यलं वं. याच्यावर चित्र काढशीन का याले धरून बसशीन?"

"ते तसंच असतं."

"तसंच कायले असन? पाचर मार." आणि मारलीही. मग मांडणी एक वीत खाली घेतली, कारण मला चवड्यांवर उभं राहिल्याशिवाय काही सापडणार नाही म्हणे. अर्ध्या दिवसात तिने खोली अशी करून टाकली की मला तिच्यात पहिल्यांदा काम करावंसं वाटलं. तेही मला सहन होईना. चहा पिता पिता तिने चौथ्या भिंतीकडे पाहिलं.

"येवढी भिंत रिकामी काऊन ठेवली?"

"बघू. काहीतरी मोठं लावीन."

"बाबाचा नदीचा पडदा असता त बेस झालं असतं. बरोब्बर बसला असता इथी."

ती दिवाणावर बसली होती. पडद्यापासून तिच्या टाचा वीतभर लांब होत्या. मी म्हटलं, "एक विचारायचं होतं. आमच्या ओळखीच्या एकांकडे जुना पडदा आहे. घडी पडून तडकला आहे. नीट होतो का?"

"घडी कोन करते वं पडद्याची?" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "शिकलेले असतीन." मग पाणी पिऊन म्हणाली, "होते. मागून ओल्या फडक्यानं नरम कराचं, पातळ खळ लावाची, मंग वरून रंग. पन रंग जुन्याशी जुळाले पाहिजे. ज्यानं कालवला त्यालेच जमते ते." आणि सहज पुढे म्हणाली, "घेऊन ये म्हना त्याईले माह्याकडं. पाहू."

मी तेव्हाच वाकून तो बाहेर ओढायला हवा होता. मी बशीत बिस्किटं वाढली. ती संध्याकाळच्या गाडीने गेली, हातोडी माझ्याकडेच ठेवून.

बाबा, जळफळाट हा शब्द मी शाळेत मुलींना वाक्यात उपयोग करायला द्यायची. साठी उलटून गेल्यावर तो माझ्या पोटात असावा याची लाज वाटते. ती चांगली आहे म्हणून तो कमी होत नाही. ती वाईट असती, तिने माझ्या शिक्षणाबद्दल कधी एक टोमणा मारला असता, तर बरोबरी झाली असती. पण तिला माझं काहीच नको आहे. तिच्याकडे जे होतं ते पुरून उरलं, हेच मला सोसत नाही. आणि तरी तिला मलेरिया झाला होता तेव्हा तिच्या कपाळावर रात्रंदिवस घड्या ठेवणारी मीच होते, पडदा ट्रंकेत घालून परत दवाखान्यात गेलेली. दोन्ही मीच.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचायचं नाही, ते या खोलीच्या खणात राहील. पण कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. ईझल धाकटीच्या नातीला, पाचरीसकट. ट्यूब आणि कॅनव्हास शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना. माझी चित्रं कुणाला वाटू नयेत. ज्याला आवडतील त्याने मागून घ्यावीत, आणि कुणी मागितली नाहीत तर यांनी ती ठेवावीत. नदीचा पडदा धाकटीला. तो माझ्यामागे नाही, मी असतानाच. येत्या रविवारी, बांबूवर गुंडाळून, गाडीच्या वरच्या कॅरिअरवर, मी स्वतः घेऊन जाणार आणि उंदरांचं तिला माझ्याच तोंडाने सांगणार. तिने तो नीट करावा आणि तिच्याच घरी लावावा, नावांचा कोपरा उघडा ठेवून. ती तो दुरुस्त करेल तेव्हा मी तिथे बसणार आहे. तिचा हात तिथे बसेल, यात मला शंका नाही. फक्त पहिल्या खेपेला तिचा निळा जुळू नये, निदान एकदा तरी तिला तो पुसून पुन्हा कालवावा लागावा, असं मला अजून वाटतं.