कल्चर जिवंत आहे, उन्हात ठेवू नये

पनवेल,
कार्तिक वद्य दशमी, शके १९१५

ती. दाजी यांच्या चरणी,

गुरुदत्तचा पनवेलहून साष्टांग नमस्कार (गुडघे धरलेत, तेव्हा ते वगळून उरलेल्या अंगांनी). आपला खोकला, आक्काचं ब्लडप्रेशर आणि आपल्या दोघांतला अबोला (असल्यास) कसा आहे ते कळवावं. इकडे सगळं ठीक. आशालता मजेत आहे, म्हणजे माझ्यावर चिडलेली आहे. पत्राला उशीर झाला, कारण आधी काय झालं तेच मला कळत नव्हतं, आणि कळल्यावर ते आपल्याला कसं कळवावं ते कळेना.

आपण विचारलंत, वांगी कशी आहेत. प्रश्न एवढासा, पण उत्तर लांबलचक आहे. आई गेल्यावर तिच्या पुरचुंडीतलं वांग्याचं बी आक्काने निम्मं निम्मं वाटलं. ओवे गावातल्या आमच्या जुन्या घरामागचं ते पांढऱ्या रेघांचं वांगं आता दुसरीकडे कुठे मिळत नाही (त्या परसात आता इमारतीचा जिना आहे). आपल्याकडची रोपं वासराने खाल्ली. उरली आमची. आणि आक्का तर चातुर्मासापासून वांग्याला शिवलेली नाही. चंपाषष्ठीला पनवेलला येणार, आईच्या वांग्याचं भरीत नैवेद्याला ठेवणार आणि मगच वांग्याचा घास तोंडात घालणार, असं तिने मला आणि खंडोबाला एकदमच कळवून टाकलंय. खंडोबाची मला भीती नाही, तो समजून घेतो. आक्काचं तसं नाही हो.

तर श्रावणात लावलेली रोपं सकाळी टवटवीत, दुपारी माना टाकलेली आणि आठवडाभरात एकेक करून खलास होऊ लागली. हा मर रोग, औषध धाडतो, असं आपण कळवलंत. सोबतची माहिती मी भक्तिभावाने वाचली. मला समजलं ते असं (चुकलं तर कान धरा): मातीत चांगले जिवाणू असतात नि वाईटही असतात. मुळं थोडा गोड रस पाझरतात, त्या ओढीने सगळेच धावत सुटतात. आमच्या पनवेल स्टँडवर अलिबागची गाडी लागली की होतं तेच. चांगले जिवाणू आधी पोचले तर खिडकीतून रुमाल टाकावेत तशा मुळांवरच्या सगळ्या जागा धरून बसतात. रोगाचे मागाहून येतात, तो बूड टेकायला जागा नाही. शिवाय ही चांगली मंडळी मातीतलं लोह आधीच ओढून घेतात, काही तर शत्रूवर विष सोडतात, आणि झाडालाही सावध करून ठेवतात. मी इतका भारावलो की आशालताला म्हटलं, अगं, ही तर आपली माणसं! ती म्हणाली, असोत, पण त्यांना जेवायला थांबवू नका.

हा झाला सिद्धांत. आता पार्सल. दाजी, आपण शेतकी खात्यात जन्म घालवलात, आपल्याला जादा शब्द खर्चायची सवय नाही, मान्य. पण माझ्या नावाखाली आपण ठळक अक्षरांत काय लिहिलंत? ‘कल्चर. जिवंत आहे. उन्हात ठेवू नये.’ आणि मी पडलो कॉलनीच्या सांस्कृतिक मंडळाचा चिटणीस (बिनविरोध, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं). गणपतीचे दिवस. घराला कुलूप बघून पोस्टमनने पार्सल मंडपात अध्यक्ष कमलाकरांच्या हाती दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. आरतीनंतर त्यांनी माइकवरून जाहीर केलं की, कऱ्हाडच्या एका रसिकाने आपल्याला निरोप धाडलाय, कल्चर जिवंत आहे! टाळ्या. उन्हात ठेवू नये! आणखी टाळ्या. (मीही वाजवल्या. आपल्या गावाचं नाव ऐकून शंका यायला हवी होती, पण प्रसादाला शिरा होता.)

आत पांढरीशुभ्र पावडर. मंडळाची बोरिक पावडर नेमकी संपलेली आणि कॅरमच्या स्पर्धा अडलेल्या. देवच पावला म्हणायचा! पुढचं आपल्या लक्षात आलंच असेल (शेतकी भाषेत कल्चर म्हणजे जिवाणूंचं विरजण, हे मंडळात कुणाला ठाऊक!). मुळांवर जागा धरायला निघालेली आपली ती असंख्य लेकरं कॅरमबोर्डावर पसरली. स्ट्रायकर असा काही सुळसुळत होता म्हणता, की आमचे शेजारी इलियासभाई (कुवेतहून कायमचे परतलेत, कॅरममध्ये उरणपर्यंत त्यांचा हात धरणारा नाही) आजही त्या पावडरीच्या आठवणीने उसासा टाकतात.

मला उलगडा झाला तो अंतिम सामन्यात. कोपऱ्यात रिकामी पिशवी दिसली आणि तिच्यावर आपलं अक्षर. मी किंचाळलो, “थांबा! जिवंत आहेत ते!” लोकांना वाटलं मी सोंगट्यांबद्दलच बोलतोय. कमलाकरांनी राणी घेतली होती, फक्त कव्हर बाकी होतं. अशा नाजूक क्षणी मी बोर्ड उचलला. सोंगट्या सांडल्या, त्यांच्याबरोबर आमचा स्नेहही सांडला. घरी आणून गुळाचं पाणी केलं (गार! गरम पाण्यात मरतात हे लक्षात होतं), त्यात बोर्ड धुतला, चारी भोकांच्या जाळ्या पिळल्या. मग सुचलं, अरे, निम्मे तर खेळाडूंच्या हातांवर आहेत! झालं. सगळे खेळाडू परसात रांगेने उभे, आशालता तांब्याने गूळपाणी घालतेय, आणि एकेकजण वाफ्यातल्या उरलेल्या रोपांच्या मुळांशी हात धुतोय. समोरच्या नीतावहिनी पदर डोळ्यांना लावून आल्या आणि हळूच विचारू लागल्या, कोण गेलं?

एकट्या कमलाकरांनी नकार दिला. राणीचा निकाल लागेपर्यंत हात धुणार नाही म्हणाले, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून धुतलेले नाहीत. बोर्डाला मुंग्या लागल्या, वर तो मधोमध फुगला. आता कशीही टिचकी मारा, सोंगट्या आपणहून भोकांकडे निघतात, त्यामुळे मंडळात प्रथमच सगळे उत्तम खेळतात. इलियासभाई रोज पहाटे फज्रच्या नमाजानंतर रोपं बघून जातात. “गुरुदत्तभाई, आपल्या हातात शिफा आहे, इन्शाअल्ला धरतील,” असं म्हणायचे (शिफा म्हणजे हाताला गुण), आणि दाजी, खरंच धरलं! पानं ताठ, दुपारच्या उन्हातही मान खाली नाही. आपले जिवाणू कॅरम खेळूनही कामावर हजर झाले.

तेव्हा वांगी उत्तम आहेत. आक्काला निश्चिंत राहायला सांगावं.

आपला मेहुणा आणि माजी चिटणीस,
गुरुदत्त

ता. क. – वर ‘वांगी’ हे अनेकवचन सवयीने लिहिलं गेलं. इलियासभाईंनी हात धुतलेलं एकच रोप जगलं. त्याला एकच वांगं आहे.

आणखी ता. क. – म्हणून मुख्य काम हे की, येताना कृष्णाकाठची चार वांगी आक्काच्या नकळत आपल्या पिशवीत घालून आणावीत. पांढऱ्या रेघा मी चुन्याने मारीन. आईचं ते एक माझ्याने भाजवणार नाही, दाजी. भाजलं तर एका दुपारचं भरीत, झाडावर पिवळं होऊ दिलं तर बी. हे पत्र आक्काला दाखवू नये.

शेवटचं ता. क. – पाकीट चिकटवताना आठवलं की तुमच्याकडे टपाल आक्काच फोडते. आक्का, वाचलंस ना? आता ऐक. तू येच. देठाचे काटेसुद्धा अगदी तसेच आहेत गं, सकाळी बघितलं की आईच परसात उभी आहे असं वाटतं. नैवेद्याचं मी खंडोबाशी बोलून घेतलंय, त्याला कृष्णाकाठची चालतात. बी धरलं की निम्मं निम्मं करू. फक्त या खेपेला ते वासरू बांधून ठेव.