धुळीचं पीक

१८ जानेवारी

पुसलं! आजही पुसलं! कपाटावर काच ठेवली होती, काचेवर कागदातून कापलेली कात्री, शेजारी ठसठशीत अक्षरात चिठ्ठी— 'हात लावू नये, प्रयोग चालू आहे.' कॉलेजातून येऊन बघते तर काच लख्ख. कागदाची कात्री माझ्या पुस्तकात नीट ठेवलेली. आणि चिठ्ठीसुद्धा झटकून परत जागच्या जागी!

"वाचली की मी चिठ्ठी," आई म्हणाली. "प्रयोगाला कुठे हात लावला? नुसती धूळ पुसली."

प्रयोग धुळीचाच आहे गं आई!!

२० जानेवारी

आज वर्गात सगळ्यांना शेवटच्या ज्युरीसाठी, म्हणजे परीक्षकांपुढे, काय मांडणार ते सांगायचं होतं. मी म्हटलं, धूळ. काचेवर कागदाचे आकार ठेवायचे, बरेच दिवस हात लावायचा नाही, मग कागद अलगद उचलायचा. भोवती धूळ, मध्ये कोरा आकार. मी चित्र काढायचंच नाही. नुसती वाट बघायची.

लंबू लगेच म्हणाला, "म्हणजे आयत्या बिळावर नागोबा!" सगळे हसले. हा स्वतः छताच्या पंख्याचे व्हिडिओ काढतो. वर म्हणतो, आपल्या दोघांना एका खोलीत जागा देऊ नका, माझा पंखा फिरला की हिचं चित्र उडालं.

भिंगसर हसले नाहीत. (गळ्यात कायम भिंग, म्हणून भिंगसर. डबा खातानासुद्धा भाजी भिंगातून बघतील असं वाटतं.) म्हणाले, "धुळीचं पीक घेणार म्हणतेस? घे. पण काहीच न करणं फार अवघड असतं बरं. बहुतेकांना मधेच हात लावायचा मोह होतो."

मला होणार नाही. आईचं काय करायचं, ते मात्र माहीत नाही.

२४ जानेवारी

फिक्सेटिव्हचा फवारा मारून धूळ काचेवर पक्की करता येते का बघितलं. डाग पडले. अंगावर रस्सा सांडल्यासारखी दिसते काच. म्हणजे धूळ टिकवता येणार नाही. जशी बसेल तशी, जिथे बसेल तिथेच बघायची.

आईने विचारलं, "यात तू काय केलंस?" चेष्टेने नाही, खरंच विचारलं. मी काळ, थर, अनुपस्थिती वगैरे बरंच बोलले. तिने फडकं पिळता पिळता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हं. पण केलंस काय?"

राग आला— तिचा नाही, माझाच. कधी कधी वाटतं आम्ही वर्गातले सगळेच मोठे शब्द पांघरून बसतो. पंखा फिरतो, धूळ पडते, आणि आम्ही शेजारी उभे राहून स्वतःचं नाव लावतो. पण मग त्या कोऱ्या आकारावरून नजर हलत नाही, ते कशाने? ते खोटं नाही. ते कॉलेजात कुणी शिकवलेलंही नाही.

३१ जानेवारी

आईच्या पोटात गाठ आहे. साधी आहे म्हणाले डॉक्टर, पण काढायला हवी. केव्हापासून दुखत होतं तिला, पण कुणाला पत्ता लागू दिला नाही. बाबा तिच्यावर चिडले, मग स्वतःवर, मग चष्मा सापडत नाही म्हणून चष्म्यावर.

मी फार घाबरले आहे.

४ फेब्रुवारी

आज तिला दवाखान्यात नेलं. निघायच्या आधी तिने सगळं घर पुसून काढलं! बाबा दारात पिशवी घेऊन उभे. "अगं, ऑपरेशन तुझं आहे की घराचं?" तरी ती पलंगाखाली वाकलेलीच.

मग आरशासमोर बसून तिने हातातल्या बांगड्या उतरवल्या. केसांतल्या पिना काढल्या, साधी वेणी घातली. सगळं आरशाखालच्या काचेवर ठेवलं— बांगड्या, पिना, कंगवा, घड्याळ. बांगड्यांशिवाय तिचे हात केवढेसे दिसत होते. मी बघत राहिले तर म्हणाली, "बघतेस काय, पाण्याची बाटली भर."

६ फेब्रुवारी

झालं ऑपरेशन. गाठ साधीच निघाली! मावशी कॉरिडॉरमध्ये इतक्या मोठ्याने रडली, की नर्सला वाटलं काही वाईट झालं. धावत आली बिचारी.

१३ फेब्रुवारी

टाके चिघळले. ताप आहे. आता लवकर सोडणार नाहीत.

दिवसा मावशी तिच्याजवळ, कामावरून सुटले की बाबा. मी कॉलेज, दवाखाना, घर. घरी फक्त आंघोळीला आणि झोपायला. बाबा बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपतात. आत का नाही विचारलं तर म्हणाले, "पंख्याचा आवाज येतो." पंखा मुळीच वाजत नाही.

२५ फेब्रुवारी

आईने तिचा कंगवा मागवला होता. तिच्या खोलीत गेले. ती गेल्यापासून कुणीच त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. खिडकी अर्धवट उघडी राहिलेली, समोरचा रस्ता खणलेला, तेव्हा धुळीला काय तोटा! सगळ्यावर साय धरावी तशी धूळ.

मी कंगवा उचलला.

खाली कंगवा होता. कोरा, स्वच्छ, दातन् दात. घड्याळ उचललं— घड्याळ. बांगड्यांची कडी एकात एक. एकेक पीन बारीक रेघेसारखी. आई उठून गेली त्या क्षणी जे जिथे होतं ते तिथेच. मी काही कापलं नव्हतं, मांडलं नव्हतं. इतके दिवस काचा घेऊन तिच्याशी भांडत होते, आणि हे इथे आपोआप पिकलं होतं!

आनंदाने ओरडावंसं वाटलं. मग लक्षात आलं की हे एवढं सुंदर झालंय ते ती घरात नाही म्हणून. पलंगावर बसून रडले. तिचं काम कधी दिसतच नाही. पुसलं की संपलं, दाखवायला काही उरत नाही. ती थांबली तेव्हा कुठे दिसलं, रोज किती करत होती.

कंगवा न्यायला विसरलेच.

२ मार्च

भिंगसर आणि लंबू घरी आले होते. सर काचेवर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच. लंबू दारातच उभा राहिला, श्वाससुद्धा जपून घेत होता. एकदा शिंक आली तर नाक धरून जिन्यापर्यंत पळाला! काच आरशाच्या चौकटीत स्क्रूने बसवलेली, हलवायची सोय नाही. सर म्हणाले, "हलवूच नकोस. ज्युरीला इथे घेऊन येतो. वीस तारखेला. तोपर्यंत ही खोली बंद."

जिना उतरताना लंबू म्हणाला, "नागोबा शब्द मागे घेतो."

कॉलेजात गेल्यापासून पहिल्यांदा वाटलं, मला जमेल हे.

८ मार्च

आईला उद्या सोडणार! आणि डॉक्टर म्हणाले, खोली स्वच्छ हवी. धुळीने ठसका लागला तर टाक्यांवर ताण येईल.

बाबांना मी काहीच म्हटलं नव्हतं. तेच जेवता जेवता म्हणाले, "तिला बाहेरच्या खोलीत झोपवू. तुझ्या परीक्षेपर्यंत. आतली खोली बंद राहील. तिला मी समजावतो." माझ्याकडे न बघता बोलत होते. माझे बाबा! चित्रातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, आणि म्हणे मी समजावतो.

खूप मोह झाला. खोटं कशाला लिहू, हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

९ मार्च

पुसली.

सकाळी बाबांचा जुना बनियन घेतला, ओला केला. आधी फोटो काढायला फोन उचलला आणि ठेवून दिला. फोनच्या पडद्यावर ती धूळ नुसती घाण दिसत होती. मग एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. कंगवा गेला, घड्याळ गेलं. बांगड्यांपाशी हात अडला, मग त्याही पुसल्या. पलंग, खिडकी, कपाट, पंख्याची पाती— सगळं. तिचं अंथरूण घातलं. माझी आई तिच्याच खोलीत झोपणार. त्यात काय समजावायचं!

बनियन काळाभोर झाला. टाकवेना. दोरीने दारामागच्या खुंटीला लटकवला.

दुपारी ती आली. जिन्यावर प्रत्येक पायरीला थांबत. खोलीत आली, आडवी झाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. किती हलकी झालीय.

११ मार्च

सरांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "मग आता काय दाखवणार?"

मी म्हटलं, "फडकं."

आधी ते हसले. मग हसायचे थांबले. "सगळं त्यातच आहे की," म्हणाले. "भिंतीवर एक खिळा, त्यावर ते. बाकी काही नको. आणून ठेव इथे."

नाही आणणार! आमच्या कॉलेजात कुठलंही फडकं दिसलं की कुणीतरी त्याला ब्रश पुसतं. वीस तारखेलाच नेईन.

१२ मार्च

दूध उतू गेलं, गॅसभर. मावशीने कपाळावर हात मारून घेतला आणि आत जाऊन सांगितलं. आई म्हणाली, "असू दे."

माझी आई! उतू गेलेल्या दुधाला!

१४ मार्च

असू दे. असू दे. बाबांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला— असू दे. मावशीने चादरींच्या घड्या घातल्या, म्हणजे बोळे केले— असू दे. जखम भरली आहे, डॉक्टर म्हणतात आता त्यांना उठवा, चालू-फिरू द्या. ती उठत नाही. बाथरूमला जाते, येते, भिंतीकडे तोंड करते. वाढलं की खाते. विचारलं तर "बरी आहे." तिच्या नाकावर माशी बसायची नाही अशी बाई! आता उशीवर खरी माशी बसली तरी ती बघत राहते.

मावशी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "जीव वाचला गं तिचा, पण मन काही घरी आलेलं नाही अजून."

अशीच राहिली तर?

१६ मार्च

आज मुद्दाम समोरच्या खणलेल्या रस्त्यातल्या चिखलाचे बूट घालून तिच्या खोलीत गेले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. फरशीवर ठसेच ठसे. तिने बघितले. मी वाट बघत उभी. ओरड ना गं. एकदा ओरड.

"असू दे," म्हणाली. "मावशी पुसेल."

बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून रडले. मग ठसे मीच पुसले.

१८ मार्च

तिच्या पायाशी बसून फडक्याचं सगळं सांगितलं. तिची काच, कंगवा, सर, लंबूची शिंक. कसं पुसलं ते. परवा तेच फडकं भिंतीवर लावणार, तीन परीक्षक येणार, तेही. खुंटीवरून काढून दाखवलं. कोपरा धरून तिने बघितलं, उलटं करून बघितलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात गरम होता, बरा वाटला. पण मग कूस बदलली.

ज्युरीत पास झाले, नापास झाले, मला आता खरंच काही पडलेलं नाही. फक्त ती उठू दे.

१९ मार्च

भिंतीसाठी खिळा घेतला. साधा, लोखंडी. दिवसभर आई झोपूनच.

२० मार्च

फडकं खुंटीला नाही! पलंगाखाली, कपाटात, मावशीच्या पिशवीत, सगळीकडे शोधलं. बाहेर दोरीवर सापडलं. पांढरंशुभ्र! ताणून दोन चिमटे लावलेले, अजून ठिबकतंय.

मोरीत आई उभी. उभी! एक हात पोटाशी, एक हात साबणाचा. मावशी मागे "अगं टाके, अगं टाके" करत नाचतेय, आणि ही माझ्यावर कडाडली— "चार लोकांत ते काळंकुट्ट फडकं मिरवणार होतीस? घरात आई नाही का, म्हणतील!"

बाबा दाढी अर्धी टाकून धावत आले.

अकराला ज्युरी आहे. ओलंच नेते.