कमरेचं माप

श्रूजबरी, ११ जानेवारी २०२५

ती. वन्संना शि. सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. ह्यांना जाऊन अडीच महिने झाले. काल त्यांच्या कोटात एक छोटी डायरी सापडली. वर त्यांच्या अक्षरात 'हालिना' आणि 'म्यारा', खाली दर महिन्याची तारीख आणि एक आकडा. म्यारा हा पोलिश शब्द. आपल्या अनयाने शोधून सांगितलं: माप. शिंप्याचं माप, मोजायचं भांडं, मर्यादा, सगळ्याला चालतो म्हणे.

हालिना म्हणजे वूस्टरमधली कपडे ऑल्टर करणारी बाई, एवढंच मला ठाऊक. महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे लायब्ररीत जातो म्हणायचे आणि कॉफीचा वास घेऊन यायचे. माझ्याकडे चाळीस वर्षं चहाच प्यायले. सांगायला लाज वाटते, पण मी ह्यांच्यासाठी रडायचं सोडून त्या बाईचाच विचार करत बसते.

तुमची माया अशीच राहू दे.
सुनेत्रा


ईडन प्रेरी, १८ जानेवारी

चि. सुनेत्रास अनेक आशीर्वाद.

अगं, गुरुदत्त आणि पोलिश बाई! कॉलेजात मुलीने वेळ विचारली तर घड्याळच काढून तिच्या हातात देणारा माझा भाऊ तो. घरात बसून जळण्यापेक्षा गाडी काढ आणि तिलाच विचार. बर्फ असेल तर लेक आहेच, अनयाला ड्राइव्ह करायला सांग. आणि काय ते लगेच कळव, आता माझाही जीव थाऱ्यावर नाही.

तुझ्यावर आहे तो लोभ आहेच.
देवयानी


श्रूजबरी, २ फेब्रुवारी

ती. वन्संना शि. सा. न.

जाऊन आले. आकडे ह्यांच्या कमरेचे होते. अडतीस, सदतीस, पस्तीस, शेवटी बत्तीस. मला सैल दिसू नयेत म्हणून हे दर महिन्याला पँट्स आत घ्यायला न्यायचे. मी मात्र बारीक होणं हा रोजच्या वॉकचा गुण समजून कौतुक करत होते. टेप लावताना ती 'म्यारा' म्हणायची, हे लिहून घ्यायचे. बायकोला सांगा, असं ती दर वेळी म्हणाली. हे म्हणायचे, पुढच्या महिन्यात. निदान झालं तेव्हा तीन आठवडे उरले होते.

वन्सं, मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. त्या पँट्स धुतल्या मी, इस्त्री केल्या मी, आणि हे झिजताहेत ते कळलं तिच्या बोटांना.

एक पँट तिच्याकडेच राहिली होती. जास्तीचं कापड कापलेलं नव्हतं, आत दुमडलेलं होतं. कापू नका, मी पुन्हा अंगाने भरेन, असं हे तिला म्हणाले होते. मी कात्री मागितली आणि तिथेच बसून शिवण उसवली, पार अडतीसपर्यंत. ती मदतीला वाकली. मी तिला हात लावू दिला नाही.

आशीर्वाद असावा.
सुनेत्रा